पडदा तिकडं हाय

लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं आणि दुष्काळामुळे नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, त्या वर्षी मी तिथं बी.ए.ला होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. वडील गावी, उदगीरच्या मोंढ्यात म्हणजे धान्यबाजारात पोती वाहायचे, त्यावर माझी फी निघायची.

एका रविवारी आम्ही चौघी मैत्रिणी सिनेमाच्या दुपारच्या खेळाला गेलो. बायकांच्या रांगा सगळ्यात मागे. गाणं लागलं. नायिका पावसात भिजत होती. "बाई, एवढं पाणी! इथं दोन घागरीला भांडणं," शेजारची कुजबुजली. आम्ही हसलो. पण कॅमेरा तिच्या चेहऱ्याकडे जाईचना. पायांपासून सावकाश वर सरकला आणि कमरेपाशीच घुटमळत राहिला. शिट्ट्या सुरू झाल्या. मग नेहमीप्रमाणे पुढच्या रांगांतले पुरुष मागे वळले. हे बघून आमचे चेहरे कसे होतात, ते त्यांना बघायचं होतं.

अशा वेळी मुलींनी मान खाली घालायची, अशी रीत. त्यामुळे प्रेमाचं एकही गाणं मी पुरतं पाहिलेलं नव्हतं. स्वतःच्या चपला तेवढ्या पाहिल्या होत्या. त्या दिवशी मान खाली जाईना. समोरचे गृहस्थ बघतच होते.

"काका, पडदा तिकडं हाय," मी मोठ्यानं म्हणाले.

हशा पिकला. ते तणतणत उठले तेव्हा आम्ही एकमेकांना ओळखलं. वडील ज्यांच्या आडतीवर पोती वाहायचे, ते मालक. सोमवारी नव्या कलेक्टर कचेरीत काही काम असणार, म्हणून आदल्या दिवशीच उदगीरहून आले असावेत.

शनिवारी घरी गेले, तर बातमी आधीच पोचलेली.

"मालक म्हनले, पोरगी लई बोलू लागली, कॉलेज बंद करा," वडील म्हणाले. "काय बोललीस?"

सांगितलं.

"अन् ते कुठं बघत व्हते?"

"माझ्याकडं, आप्पा."

चुलीपाशी बसलेली माय म्हणाली, "मग पोरीनं खोटं काय सांगितलं? पडदा तिकडंच असंल की."

सोमवारी वडिलांनी माझी पिशवी खांद्यावर टाकली आणि स्टँडचा जवळचा रस्ता सोडून मला मोंढ्यातून नेलं. आडतीपुढे थांबले.

"मालक, लेकीला गाडीत बसवून येतो. कॉलेज हाय तिचं."

मालक तराजूशी चाळा करत राहिले.

पुढच्या आठवड्यापासून वडील दुसऱ्या आडतीवर जाऊ लागले. तसलं गाणं लागलं की आजही मला अवघडल्यासारखं होतं, रागही येतो. पण मान खाली घालत नाही. माझ्या बापानं त्यासाठी आडत सोडली आहे.