मोठ्या मायची बसायची जागा

माझं शिक्षण ज्या एका माणसामुळे झालं, ती माझी मोठी माय, म्हणजे वडलांची थोरली भावजय. चांदूर बाजारच्या आठवडी बाजारात ती जमिनीवर बारदाना अंथरून, उकिडवी बसून भाजी विकायची. तिच्या वांग्या-मेथीवर मी अकोल्यात शिकलो, घरातला पहिला पदवीधर झालो आणि तिथंच मास्तर म्हणून लागलो.

तिच्या डाव्या खुब्याचा सांधा पार झिजला. बदलावा लागणार हे ठरलं, पण तिला बाजारात परतायची घाई होती. त्या वर्षांत कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. कापूसवालेही पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर घेऊन बाजारात बसू लागले होते. आमच्याकडे जागेची पावती नसते, जो बसतो त्याची जागा. दोन-चार आठवडे जागा रिकामी दिसली की तिथं दुसऱ्याचा बारदाना पडतो.

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, "लहान छेद घेऊ. स्नायू कमी दुखावतात. लवकर उभ्या राहाल." मोठी माय खुलली.

दुसरं मत घ्यावं म्हणून अमरावतीला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला.

"आधी कधी पडल्या होत्या?"

ती तरुणपणी बैलगाडीवरून पडली होती. हाड वाकडं जुळलं होतं.

"मग लहान छेदातून मला नीट दिसणार नाही. नवा सांधा तिरका बसला तर निखळायची भीती. मी मोठाच छेद घेईन. सुरुवातीचे आठवडे जड जातील. पुढं मात्र दोन्ही छेदांचे रोगी बहुतेक सारखेच चालतात."

"मंग मी बसीन कवा?" मोठ्या मायनं विचारलं.

"खुर्चीवर? लवकरच."

"खुर्चीवर नाई, अशी!" ती टेबलाला धरून उकिडवी बसायला लागली. डॉक्टर धावले. "तसं आता नाही, आजी. छेद लहान असो की मोठा."

दोन्ही दवाखान्यांत आम्ही जखमेची लांबी विचारली होती. बसण्याचं तोवर कुणीच विचारलं नव्हतं.

आम्ही एसटी स्टँडवर आलो. ती एकदम म्हणाली, "खुर्चीवर बसून वांगे इकू? तहसीलदारीण दिसीन ना बाप्पा! सारा बाजार हासन."

"पण सांधा निखळला तर?"

"अन् जागा गेली तर? तू शिकला ना, तू सांग. लहान का मोठा?"

चुकलो असतो तर पाय तिचा जाणार होता. समोर गाडी लागली, लोक चढू लागले, ती जागची हलेना.

"मोठा," मी म्हणालो. "अन् जागा मी धरतो. रविवारी शाळा नसते."

"तू? तुले तराजू तरी धरता येते का?" ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

अमरावतीला ऑपरेशन झालं. ती तिथंच लेकीकडे राहिली. दर रविवारच्या बाजाराला मी बसू लागलो, आणि काही आठवड्यांनी तिला हे पत्र टाकलं.

तीर्थरूप मोठ्या मायस,
साष्टांग नमस्कार. जागा आहे. एका पालकवाल्यानं बारदाना टाकला होता, पण तुझ्या शेजारी भाजी विकणाऱ्या खालानं त्याला पिटाळलं. मी तोलायला वेळ लावतो म्हणून तीच मला म्हणते, "मास्तर, वांगे तोलून राहिले का पेपर तपासून राहिले?"
मी खाली बसत नाही. सुताराकडून उंच खोकं करून घेतलं, त्यावर बसतो. पहिल्या बाजारी सारी ओळ हसली. "साहेब आले," म्हणाली. मी हसू दिलं. गेल्या रविवारी कोणी हसलं नाही. तुझ्या समोरची लिंबूवाली बाई मात्र विचारत होती, "असं खोकं मले कोठी भेटन?"
वांगी सगळी गेली. मेथी राहिली. तू सावकाश ये, खोकं तुझ्या मापाचं आहे.