मी घरात नसताना

माझा स्वभाव अत्यंत शांत आहे, हे मी गेली तीस वर्षं घरात ओरडून ओरडून सांगत आलो आहे.

माजरीच्या कोळसा खाणीत मी हजेरीबाबू. डंपरच्या घरघराटात माणसांना नावानिशी हाका मारायच्या, तर आवाज जरा भारदस्त होणारच. (भारदस्त हा माझा शब्द. बायकोचा शब्द छापण्यासारखा नाही.) रिटायर व्हायला वर्ष उरलं तेव्हा आम्हा थकलेल्या मंडळींना एका दिवसाचं प्रशिक्षण दिलं गेलं. विषय: स्वतःला ओळखा! नागपूरहून आलेले सर म्हणाले, "एक दिवस मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा आणि आपलं बोलणं आपणच ऐका. आरसा फक्त तोंड दाखवतो."

बाकी सगळे जेवणाच्या डब्यांकडे बघत होते. भारावलो मी एकटाच! कारण मला पुरावा हवा होता. माझी बायको कुंदा रोज म्हणते, "अजी, हळू बोला." मी रोज विचारतो, "मी कुठी जोरात बोलून राह्यलो?" आणि क्वार्टरसमोर झोपलेलं कुत्रं उठून निघून जातं.

पुढचा रविवार आयताच मिळाला. मुलगी सोनल गडचिरोलीच्या दवाखान्यात नर्स आहे, ती आली होती. भद्रावतीहून माझा साळा धम्मपाल आला होता. शिवाय घरात मोठा विषय चालू होता. सोनलची बदली झाली होती, तीही थेट सिरोंच्याला! म्हणजे जिल्ह्याच्या पार शेवटच्या टोकाला. नदी ओलांडली की तेलंगणा.

माझ्या पोरीवर अन्याय! आठवडाभर मी खाण हादरवून सोडली होती. चार पानी अर्ज लिहिला होता, त्यावर कॉलनीतल्या बत्तीस लोकांच्या सह्या घेतल्या होत्या. (त्यातल्या दोघांना तो पाण्याच्या टाकीसाठी आहे असं वाटलं होतं.) सोमवारी गडचिरोलीला जाऊन साहेबाच्या टेबलावर तो अर्ज आपटायचा, एवढंच बाकी होतं.

"बाबा, राहू द्या न," सोनल म्हणाली.

"तू चूप राय! तुले काय समजते?" मी तिला प्रेमाने समजावलं.

सकाळीच मी रेकॉर्डिंग सुरू करून मोबाइल टीव्हीच्या मागे ठेवला होता. कुणाला सांगितलं नाही. मग मटण आणायला गेलो, आणि मोबाइल तिथेच राहिला.

दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो. मी रस्सा मागितला.

"अजी, रस्सा मागून राह्यले का भांडून राह्यले?" कुंदा म्हणाली.

"थांब! आज दूध का दूध अन पानी का पानी करतो!" मी उठलो, मोबाइल आणला आणि आवाज पूर्ण वाढवून लावला.

कुणीतरी गर्जत होतं. "माझा चष्मा कोणं घेतला? या घरात एक वस्तू जागेवर राह्यन तं शपथ!"

"हा कोण आहे?" मी विचारलं.

"तुमीच," तिघंही एका सुरात म्हणाले.

"मोबाइल खराब झालेला दिसते."

गर्जना चालूच होती. चार मिनिटांनी सोनलचा बारीक आवाज आला, "बाबा, चष्मा तुमच्या डोक्यावर हाय." त्यावर तेच नरडं: "मंग आधी सांगाले काय झालं होतं?"

धम्मपालने ताटात एवढी मान घातली की त्याच्या नाकाला रस्सा लागला. सोनलचा चेहरा मात्र उतरला. "बाबा, बंद करा ते. जेवन थंडं होऊन राह्यलं." तिने मोबाइलसाठी हात पुढे केला. मी मोबाइल वर धरला. तिथेच चुकलो!

रेकॉर्डिंगमध्ये दार आपटलं. मी मटणाला निघालो होतो. मग कुंदाचा आवाज, "गेले."

आणि हसणं सुरू झालं!

आमच्या घरात एवढं हसू असतं, याची मला कल्पनाच नव्हती. कुंदा माझी नक्कल करत होती. "हे घर हाय का म्हशीचा गोठा?" अगदी माझाच आवाज, मधला खोकलासुद्धा माझाच! सोनलला हसून हसून उचकी लागली होती. धम्मपाल "पुन्हा एक डाव, ताई!" म्हणत होता. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, पण असं खळखळून हसणाऱ्या त्या बाईशी माझी कधी ओळखच झालेली नव्हती.

मग रेकॉर्डिंगमध्ये धम्मपालने विचारलं, "अन सिरोंच्याचं काय वं पोरी? भाऊजी तं उद्या साहेबाची खटिया खडी करतात."

"मामा, साहेबानं काईच नाई केलं. बदली मीच मागितली."

"काऊन?"

"गडचिरोलीवरून दर शनिवारी या लागते. नाई आली तं फोनवर दोन घंटे ओरडतात. सिरोंच्यावरून येनंच होत नाई न, मामा."

त्यावर कुंदा म्हणाली, "बरं केलं माय. माह्यासाठी बी एखादी खोली पाह्यजो तिथी."

या वाक्यावर रेकॉर्डिंगमध्येसुद्धा कुणी हसलं नाही.

मग चपला करकरल्या. एकदम सामसूम. आणि ते मघाचंच नरडं गरजलं, "काऊन एवढे चूप बसले सगळे? घर हाय का मसनवटी?"

मला मोबाइल बंद करता येईना. बटण सापडेना. शेवटी सोनलनेच तो माझ्या हातातून घेतला. मी तिला हळूच विचारायचं ठरवलं, की मी एवढा वाईट आहे का? विचारलंही. पण असं विचारलं, की शेजारच्या रामटेकेबाई धावत दारात आल्या. "काय झालं जी?"

"काई नाई! पोरीले विचारून राह्यलो!"

त्या गेल्यावर सोनल रडायला लागली. "बाबा, तुमी वाईट नाई. तुमी घरात असले का मी परतीच्या गाडीची वेळ पाह्यत बसते, एवढंच."

एवढंच!

अर्ज मी चुलीत घातला. पण बत्तीस लोकांना उत्तर देणं भाग होतं. मी सांगितलं, "साहेब हात जोडून म्हनाले, बाबू, सिरोंच्याले तुमच्या पोरीसारखीच नर्स पाह्यजे." कॉलनीने माझं कौतुक केलं. एकाने तर माझ्या त्यागाबद्दल चहा पाजला. तो चहा मी प्यायलो.

सोनल गेली. आता संध्याकाळी साडेसहाला तिचा फोन येतो. पहिले काही दिवस मी समोरच बसायचो, तोंडाला कुलूप लावून. फोनवर कुंदा नुसती "हो", "जेवली", "बरं" म्हणायची, आणि दोन मिनिटांत फोन संपायचा. मग मी सव्वासहालाच फिरायला निघायला लागलो. नाल्यावरच्या पुलियावर अर्धा तास बसतो, कोळशाचे ट्रक मोजतो आणि घरी येतो. कुंदाला वाटतं, मला तब्येतीची काळजी लागली. मीही तसंच वाटू देतो.

परवा पुलियावर डास फार होते, म्हणून लवकर परतलो. दाराशी आलो तर आतून कुंदाचं तेच खळखळून हसणं. मी चपला काढून हातात घेतल्या आणि बाहेरच उभा राहिलो. तेवढ्यात रामटेकेबाई कचरा टाकायला आल्या.

"काऊन बाबू, असे बाहेर काऊन उभे?"

"चाबी विसरलो," मी कुजबुजलो. (हो, कुजबुजलो! मला येतं, हे मलाही तेव्हाच कळलं.)

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या चपलांकडे, मग दाराकडे.

"अजी, पन दार तं उघडंच हाय न!"

मला साधं खोटंही धड बोलता येत नाही, ही माझी माझ्याशी झालेली सगळ्यात ताजी ओळख.