झडती

माझे बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामगार होते. आत जाताना आणि बाहेर पडताना, रोज दोनदा, दरवाजावरचा शिपाई त्यांची झडती घ्यायचा. आत काडेपेटी जाऊ नये आणि बाहेर पितळेचा तुकडाही येऊ नये, म्हणून खिसे, कंबर, पोटऱ्या, सगळं चाचपलं जायचं. मला लहानपणी त्याची भयंकर लाज वाटायची. वर्गातल्या मुलींचे वडील बँकेत नाहीतर कॉलेजात होते. त्यांना कोणी चाचपत नसे. बाबांना मात्र त्या झडतीचा चक्क अभिमान होता. हे काय खूळ आहे, ते आजोबा गावाहून आले तेव्हा मला दिसलं; कळलं मात्र फार पुढे.

आजोबांचं आयुष्य विदर्भातल्या एका खेड्यात, गावाबाहेरच्या वस्तीत गेलं. त्यांच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जाई. दुकानदार मीठमिरची जमिनीवर ठेवून मागे सरके. आमच्या घराने बौद्ध धम्म स्वीकारला, पण म्हणून गावाने लगेच रीत बदलली असं नाही. ते आमच्याकडे आले त्या रात्री जेवताना बाबा सहज बोलून गेले, की दरवाजावरचा नवा शिपाई फार कसून तपासतो. आजोबांचा घास हातातच राहिला.

"हातानं?"

"हातानंच."

"त्याले जात मालूम हाय?"

"मालूम हाय. सगळ्यायचीच घेते तो. सायबाचीबी."

आजोबांनी बाबांना ताटावरून उठवलं आणि कुठे कुठे हात लावतो ते दाखवायला सांगितलं. बाबा हसत हसत दाखवत होते, आजोबा डोळे पुसत होते. मी आठ वर्षांची होते आणि दोघांचंही डोकं फिरलंय याबद्दल माझी खात्री पटली होती. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. एका माणसाने दुसऱ्याच्या खिशात हात घालावा आणि तिसऱ्याला त्यात न्याय दिसावा, हे केवढं अजब आहे!

मी इंजिनिअर झाले तेव्हा शहराच्या पश्चिमेला उसाच्या जागी काचेच्या इमारती उठत होत्या. त्यातल्या एकीत मला नोकरी लागली. चार महिने होतात न होतात तोच बाबांच्या कारखान्याच्या ऑफिसातून कारकुनीच्या नेमणुकीचं पत्र आलं. परीक्षा मी त्यांच्याच हट्टाखातर दिली होती. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता. खाजगीवाले मनात येईल तेव्हा हाकलतात, सरकार हाकलत नाही, हे बाबांचं म्हणणं. मला कॉम्प्युटर सोडायचा नव्हता. पण त्यांचा शब्द मोडायची छातीही नव्हती. शनिवारी कंपनीत घरच्यांना बोलावलं होतं. म्हटलं, एकदा बघा तरी.

बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी कार्ड टेकवलं, दार उघडलं. "इथे आमची झडती नसते, बाबा," मी तोऱ्यात सांगितलं. हाच माझा हुकमी एक्का होता. ते नुसतंच "हं" म्हणाले.

माझ्या टेबलाशी मात्र ते खुर्चीच्या पाठीला हात लावून कितीतरी वेळ उभे राहिले.

"तू या कॉम्प्युटरवरून ज्याच्याशी बोलतेस तो कुठं असतो?"

"अमेरिकेत."

"आणि तो तुला विचारून काम करतो?"

"अडलं की विचारतो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला माझाच अचंबा वाटला. वरून ओतलेलं पाणी पिणाऱ्या माणसाची नात मी, आणि समुद्रापलीकडचा कुणी माझ्या उत्तरासाठी थांबतो. अवघ्या दोन पिढ्यांत! या गोष्टीवर माझा अजून धड विश्वास बसत नाही.

निघताना आमच्या दाराशेजारी एका टेबलापुढे रांग होती. सफाईच्या बायका. त्यांच्या पिशव्या टेबलावर रिकाम्या केल्या जात होत्या. डबा, कंगवा, मुलाचं औषध. एक पहारेकरीण एकेकीला चाचपत होती. "पाह्य वं बाई लवकर, माही बस जाईन," रांगेतली एक म्हणाली. थेट आजोबांची बोली. बाबा थबकले.

"यांचीच घेतात?"

"त्या कंत्राटावर आहेत, बाबा."

"तुझी नाही?"

"नाही."

"तुझ्या साहेबाची?"

"नाही."

बसस्टॉपवर ते बाकावर टेकले. सोमवारचं काय ते आता ठरणार, हे मला कळत होतं.

"त्या पत्राला नाही म्हणून कळव," ते म्हणाले. "तुला इथं मान आहे. इथंच राहा."

मला रडूच फुटलं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही, पण माझ्याकडे पाहिलंही नाही.

"ती आपल्याकडची बाई," त्यांनी विचारलं, "चार महिन्यांत तुला एकदाही दिसली नव्हती?"

खोटं बोलता आलं असतं. ती रोज माझ्या टेबलाखालचा कचरा काढत असणार. "नाही, बाबा," मी म्हणाले, "नव्हती दिसली."