रेकॉर्डिंगचा बॉक्स येईपर्यंत

आम्ही द्राक्षाच्या बागेत राहायचो, असं सांगितलं की कॉलेजातल्या मुलींना फार छान वाटायचं. बाग मालकाची होती. आम्ही राहायचो दिंडोरीच्या अलीकडे, त्या बागेतल्या पंपाच्या खोलीला टेकून उभ्या केलेल्या पत्र्याच्या खोलीत. उन्हाळ्यात पत्रा तापायचा आणि थंडीत पहाटे त्यातून थेंब गळायचे. फवारणी झाली की औषधाचा वास भाकरीला लागायचा. दादा, म्हणजे माझे वडील, वेलीच्या छाटणीचे कारागीर. आई त्याच बागेत पडेल ते काम करायची. दोघांतलं कुणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी बी.कॉम. झाले. आईच्या माहेरी आणि सासरी धरून पहिली मी. हे मी न विचारताही सांगते, कुणाला मिरवणं वाटलं तर वाटो.

माझा शेवटच्या वर्षाचा निकाल पाहायला दादा राहिले नाहीत. छातीत दुखतंय म्हणाले. त्यांना जीपमध्ये घातलं, पण नाशिकला पोहोचायच्या आतच ते गेले. फोटो मोजकेच, आणि सगळ्यांत फोटोवाल्याने दम दिल्यासारखे ताठ उभे. चालते-बोलते दादा कशातच नव्हते. निदान आम्हाला तसं वाटत होतं.

मला नोकरी लागली तशी मी आईला नाशकात आणलं. दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर डिश. मागच्या गल्लीत दादांचे थोरले भाऊ राहायचे, रिक्षा चालवायचे. त्यांना आम्ही आबा म्हणतो. रोज सकाळी चहाला यायचे. दसऱ्याच्या आधीच्या एका रविवारी असेच आले होते, टीव्हीवर शेतीचा कार्यक्रम लागला होता, कुणाचं लक्ष नव्हतं. आई आत भाकरी थापत होती.

आतली थापायची लय एकदम थांबली. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"हा आवाज यांचा हाय."

"कसला आवाज?" मी म्हणाले.

"तारेचा."

मग मलाही ऐकू आलं. एक वेल छाटून झाली की दादा कात्रीची मूठ मांडवाच्या तारेवर दोनदा आपटायचे. टिक, टिक. मग पुढची वेल. लहानपणी बाग धुक्यात बुडालेली असली, तरी दादा कुठल्या ओळीत आहेत ते मला त्या आवाजावरून कळायचं. तोच आवाज आमच्या टीव्हीतून येत होता. पडद्यावर एक साहेब गोडी छाटणी, म्हणजे फळ धरण्यासाठीची छाटणी, कशी करावी ते सांगत होते, आणि त्यांच्यासमोर नुसते दोन हात काम करत होते. बोटावर सायकलच्या लाल ट्यूबची पट्टी गुंडाळलेली, कात्रीने फोड येऊ नये म्हणून. डाव्या हाताची करंगळी वाकडी, ट्रॅक्टरखाली सापडून तशीच जुळलेली. पुढे चेहरा नाही, खांदे नाहीत. ते हात चालत राहिले. कार्यक्रम संपल्यावर आबा म्हणाले, "चहा गार झाला."

मला आठवलं. फार वर्षांपूर्वी एकदा संध्याकाळी दादा म्हणाले होते, "आज शूटिंगवाले आले होते बागेत." बस, एवढंच. दादा कुठलीही गोष्ट तेवढीच सांगायचे.

मी त्या वाहिनीला फोन केला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, जुना भाग कोणत्या तारखेचा ते सांगा. ते कुठून सांगणार? इंटरनेटवर शोधलं, नव्हता. एक गोष्ट मात्र त्यांनी सांगितली. ज्या हंगामात जे काम, त्या कामाच्या जुन्या फिती ते परत परत दाखवतात. कधी सकाळी, कधी दुपारी, त्याचं काही ठरलेलं नाही. म्हणजे छाटणी सुरू झाली की दादा टीव्हीवर कामाला येणार, आणि छाटणी उरकली की जाणार. जिवंत होते तेव्हाही असंच होतं.

त्यानंतर आई दुपारभर टीव्हीसमोर बसू लागली. आवाज चुकू नये म्हणून पंखा बंद ठेवायची.

एक दिवस मी कामावरून आले. टीव्ही बंद होता. आई खाली बसली होती, आणि टीव्हीसमोरच्या स्टुलावर पाण्याने भरलेला पेला ठेवलेला होता, वर ताटली झाकून.

"हे काय?"

"तुझ्या दादांनी मागितलं."

आईच्या आवाजात रडू नव्हतं, भीतीही नव्हती. दूधवाला येऊन गेला असं सांगावं तसं तिने सांगितलं. दुपारी ती फीत लागली. हात चालले होते. मग चित्र वर सरकलं आणि दादांचं तोंड दिसलं. घाम पुसला, हिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पाणी आण जरा."

"मग?"

"मग काय? उठले, पाणी आणलं. येईपर्यंत दुसरंच लागलं व्हतं, कोंबड्यांचं."

मी पंखा लावला आणि पाणी मोरीत ओतलं. आई ओतताना बघत होती.

आबांना कळलं तेव्हा ते आईसमोर काही बोलले नाहीत. मला जिन्यात गाठून म्हणाले, "हे लक्षण चांगलं नाय. मी पण पाहिलं ना त्या दिवशी! तोंड कुठं व्हतं त्यात? हिला दिवसभर एकटी ठेवू नको. मी गावच्या घरी नेतो, तिथं माझ्या सुना हायेत बघायला. हरसूलकडं एक भगत हाय, भूतबाधा उतरवणारा, त्याच्याकडं पण एकदा..."

"आबा, आपल्या घरात बुद्धांची तसबीर आहे."

"तसबिरीला मी कुठं नाय म्हणतो? पण मेलेल्याला पाणी ठेवायला लागली ती. गल्लीत बाया बोलायला लागल्यात."

जिन्याचं दार उघडंच होतं. आतून आई म्हणाली, "आबा, भूत मी बी मानत नाय. मी टीव्हीवर पाहिलं."

खरं सांगायचं तर कुणाचं ऐकावं ते मला कळेना. आई खोटं बोलणारी बाई नाही. पण ते हात मीही पाहिले होते, आणि त्यांच्यावर चेहरा नव्हता.

आमच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं की डिशचा एक रेकॉर्डिंगवाला बॉक्स मिळतो. त्याला रोजचा कार्यक्रम एकदा लावून दिला, की घरात कुणी असो नसो, तो आपोआप उतरवून ठेवतो. मी त्याच संध्याकाळी डिशवाल्याकडे नाव नोंदवलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने आबांना समोर बसवलं.

"बॉक्स येऊ द्या," ती म्हणाली. "त्यात तुमचा भाऊ बोलला, तर मी हितंच राहीन आन परत हा विषय काढायचा नाय. नाय बोलला, तर मी आपल्या पायानं तुमच्यासंगं येते. भगताकडं चला म्हणलं तर तिथं बी येते."

आबांनी मान डोलावली. आईने स्वतःलाच डावावर लावलं होतं, आणि ते सगळं येणार-येणार म्हणणाऱ्या एका डब्यावर येऊन थांबलं होतं.

डबा काही येईना.

"ताई, माल निघालाय," डिशवाला म्हणायचा.

"कुठून निघालाय?"

"वरून."

"वरून म्हणजे? आकाशातून?"

तो हसायचा. दिवाळी झाली. मग म्हणाला, माल भिवंडीला अडकलाय. मग म्हणाला, जुन्या मॉडेलचा बंद झाला, नव्या मॉडेलचा येतोय. "खरं सांगू का ताई, हा बॉक्स आता कुणी मागतच नाही. सगळे मोबाईलवर बघतात. अख्ख्या नाशकात तुम्हीच एकट्या."

आई म्हणाली, "माणूस मेल्यावर टीव्हीत येतो, आन ह्याचा डबा भिवंडीहून येईना!"

बागांमध्ये छाटण्या संपल्या तशा फितीही बदलल्या. कांद्याची रोपं, गव्हाचं पाणी, लासलगावच्या बाजारातले भाव. दादा गेले. म्हणजे, आम्ही तसंच म्हणायला लागलो होतो. "यंदाचं काम झालं त्यांचं," आई म्हणायची. आता पुढच्या छाटणीपर्यंत काही नाही, हे कळत असूनही ती दुपारी पंखा बंद करून बसायची. मी कामावरून घरी येताना जिन्यात क्षणभर थांबायला लागले होते. आत टीव्ही चालू असायचा, आणि कसल्याही कार्यक्रमातून, अगदी जाहिरातीतूनही, मला तार वाजल्यासारखी वाटायची. एकदा तर टीव्ही बंद असताना वाजली. गच्चीवर जाऊन पाहिलं, डिशची सुटी केबल वाऱ्याने पाइपावर आपटत होती. मी ती दोरीने बांधली. आईला सांगितलं नाही. तिने ऐकली नसेल असं मात्र मला वाटत नाही.

पाऊस सरला, पुन्हा छाटणीचे दिवस आले. आणि बॉक्सच्या आधी फीतच आली. रविवारी सकाळी, आबा चहाला बसलेले असताना.

टिक, टिक.

आम्ही तिघंही पुढे सरकलो. हात चालले. साहेब बोलले. आई पुटपुटत होती, "आता... आता बघा वर जाईल." हातांनी शेवटची काडी कापली आणि ठिबकच्या नळीची जाहिरात लागली.

"कापलं," आई म्हणाली. "पुढचं कापलं त्यांनी."

आबांनी बशी खाली ठेवली. माझ्याकडे पाहिलं, आईकडे नाही. ते पाहणं मला आबांच्या बोलण्याहून जास्त लागलं. दुपारी मी बघितलं, तर आई आपली लुगडी ट्रंकेत घालत होती.

"आई, बॉक्स यायचाय अजून."

"येईल तवा येईल. तयारी असलेली बरी."

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून डिशवाल्याच्या दुकानात जाऊन बसले. म्हणाले, बॉक्स घेतल्याशिवाय उठणार नाही. माझा आवाज मोठा आहे, शेतावर वाढलेल्या माणसाचा असतो तसा. गिऱ्हाईकं वळून बघायला लागली. शेवटी त्याने दोन-चार फोन फिरवले आणि कुणीतरी परत केलेला एक बॉक्स गोदामातून मागवला. खोक्याचं सील फुटलेलं होतं. मी म्हणाले, चालतो का? चालतो. मग द्या.

काळा, जड डबा. मी त्या वाहिनीचे सकाळचे आणि दुपारचे, दोन्ही कार्यक्रम रोजचे लावून ठेवले. रेकॉर्डिंग सुरू झालं की त्याचा लाल दिवा लागायचा आणि आतून बारीक घरघर यायची. आईला मी मुद्दाम दुपारी शेजारणीकडे बसायला पाठवायचे. तिच्या डोळ्यांचा प्रश्नच नको, जे काय बघायचं ते सगळ्यांनी मिळून. त्यामुळे घराला कुलूप असायचं, पडदा काळा असायचा, आणि बंद खोलीत तो डबा एकटाच बघत असायचा. संध्याकाळी हात लावला तर माणसाच्या अंगासारखा कोमट लागायचा.

रोज जेवण झालं की मी उतरवलेलं पुढे पळवत बघायचे. शेणखत, मिरची, डाळिंब. शनिवारी दुरुस्तीसाठी लाईट जायची, त्या दिवसाचं काहीच नसायचं. ती फीत शनिवारी तर येऊन गेली नसेल? आई ट्रंकेतली लुगडी एकेक काढून नेसायची, धुवायची आणि परत ट्रंकेतच ठेवायची.

मग एका संध्याकाळी पळत्या चित्रात लाल ट्यूब दिसली. मी तिथेच थांबवलं आणि आबांना बोलावून आणलं. ते येईपर्यंत मी आणि आईने पुढचं पाहिलं नाही. पैज ती पैज.

दुपारचा भाग होता. लांब होता, मध्ये जाहिरात नव्हती. हात चालले, तार वाजली, साहेबांचं बोलणं संपलं. त्या रविवारी सकाळी फीत जिथे तुटली होती ती जागा गेली. कॅमेरावाला मागे सरकला असावा, कारण चित्र हळूहळू वर गेलं. मनगट. दंड. बाहीला फाटलेला निळा शर्ट, तो मला पाठ होता. आणि मग दादा. ताठ नव्हते. घामाने निथळत होते. ट्यूब गुंडाळलेल्या बोटाने त्यांनी कपाळ पुसलं, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला, आमच्या खोलीत आई जिथे बसली होती तिकडे, बघितलं आणि म्हणाले, "पाणी आण जरा."

मी चित्र थांबवलं. माझा हात आपोआप गेला. दादांचं तोंड अर्धं उघडं राहिलं.

"थांबवू नको," आई म्हणाली. "त्यांना असं ताटकळत ठेवू नको."

मी सोडलं. कोंबड्यांचा कार्यक्रम सुरू झाला.

आबा भिंतीला धरून उठले. म्हणाले, "परत लाव." मी परत लावलं. त्यांनी तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा त्यांचे हात नुसते जोडल्यासारखे झाले आणि खाली आले. "त्याचाच आवाज," म्हणाले. मग आईकडे वळून, "चुकलं माझं."

"तुमचं काय चुकलं? तुम्हाला दिसलं नव्हतं," आई म्हणाली.

मला हलकं वाटायला लागलं होतं. मी म्हणाले, "म्हणजे शूटिंगच्या वेळी तू तिथेच बाजूला असणार. तुझ्याकडेच मागितलं त्यांनी पाणी."

आईने मान हलवली. "मी नव्हते. तो दिवस ध्यानात हाय माझ्या. तुझ्या कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या कागदांसाठी आपण दोघी नाशिकला आलो व्हतो. सांजच्याला परत गेलो तवा ते म्हणाले, शूटिंगवाले आले व्हते."

"मग दुसरी कुणी बाई असेल ओळीत."

"असंल. पण बागेत त्यांनी दुसऱ्या बाईकडं पाणी मागितलेलं मी कधी पाहिलं नाय. आपला कॅन आपण भरून न्यायचे."

आबांनी चप्पल घातली आणि जाताना लाईट लावून गेले.

त्यानंतर गावाचा किंवा भगताचा विषय निघाला नाही. आई माझ्याकडेच आहे, दुपारी घरात एकटीच असते आणि शहाणी आहे. दादा चालते-बोलते आमच्याकडे आहेत. ती फीत मी बॉक्समधून कधीच पुसलेली नाही. आईने जे पाहिलं असं सांगितलं होतं, ते तिने खरोखर पाहिलं होतं.