उसना सडका कोबी

फोटो काढताना मी तोंड आवरलं असतं, तर आत्तोबांची मदत पहिल्या झटक्यात मंजूर झाली असती. गारपिटीने झोडपलेल्या शेतात शेतकऱ्याला उभं करायचं, मोबाइलवर फोटो काढायचा आणि तो सरकारी ॲपवर चढवायचा, हे माझं कंत्राटी काम. आत्तोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, चिंध्या झालेल्या कोबीत उभे राहिले. मी म्हणालो, "जरा पडेल तोंड करा. आत्याची भाजी ताटात आहे असं समजा." ते पोट धरून हसले. माझं बोट नेमकं तेव्हाच बटणावर पडलं, आणि ॲप एकदा घेतलेला फोटो परत देत नाही.

तसं या माणसाला हसू कधीच आवरत नाही. गोठ्याचं छप्पर उडालं, तर ते कुणाच्या अंगणात जाऊन पडलं हे सांगताना हसले. सासऱ्यांच्या अंत्ययात्रेत आत्तोबांनी हसू नये म्हणून त्यांना सगळ्यात मागे चालवलं, तर अख्खी मागची रांग हसायला लागली.

कचेरीतून शेरा आला : 'नुकसानग्रस्त आनंदी दिसतो. नामंजूर.'

आत्याने मला दारातच गाठलं. "मदत नाही आली तर यांना जावयाच्या गोदामावर राखणदार म्हणून बसावं लागेल. कळतंय का, शहाण्या?"

आत्तोबांना धास्ती होती ती याचीच. दिवसभर खुर्चीत बसायचं, आणि वर जावयाला साहेब म्हणायचं!

मी कचेरीतल्या साहेबांचे पाय धरले. "फोटो पुन्हा काढा," ते म्हणाले. "पण त्याच शेतात, नुकसानीसकट. आणि माणूस दुःखी हवा."

माणसाचं नंतर बघू, पण नुकसान कुठून आणायचं? आत्तोबांनी रान साफ करून नवा कोबी लावला होता आणि तो निर्लज्जासारखा तरारला होता. शेवटी शेजारच्या काकूंकडे गेलो. त्यांचा गारांनी फुटलेला कोबी खताच्या खड्ड्यात सडत होता.

"न्या पाटीभर," काकू म्हणाल्या. "पण उसना हं. असाच सडका परत हवा. माझं खत कमी पडता कामा नये."

फोटोत येईल तेवढ्या तुकड्यात आम्ही तो नव्या रोपांवर पसरला. आत्तोबा मधोमध उभे राहिले आणि फिसकन हसले. "अरे, स्वतःच्या शेतात दुसऱ्याचं नुकसान पसरून उभा आहे मी!"

तेवढ्यात आत्या बांधावरून ओरडली, "जावयाचा फोन आला होता. राखणदाराच्या गणवेशासाठी कंबरेचं माप विचारत होता."

आत्तोबांचा चेहरा असा उतरला की मलाच गलबलून आलं. तरी फोटो काढला.

"कधी आला फोन?" आत्तोबांनी बारीक आवाजात विचारलं.

"कुठला फोन?" आत्या म्हणाली. "झाला का रे फोटो?"

मदत मंजूर झाली. शेरा होता : 'दुःख समाधानकारक.' गोदामावरची खुर्ची रिकामीच राहिली.

काकूंचा कोबी मात्र अजून फिटलेला नाही. पसरलेला माल उचलायच्या आत आत्याच्या शेळ्यांनी तो फस्त केला. बदल्यात नव्या पिकाचे ताजे गड्डे नेले, तर काकूंनी मला झापलं, "चांगला कोबी खड्ड्यात घालू? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" फोटोची चूक माझी, म्हणून उधारीही माझ्याच नावावर. रोज सकाळी मी आणि आत्तोबा एखादा तरी गड्डा सडलाय का, म्हणून सगळं रान फिरतो.

"यंदा पीक फारच चांगलं आलंय रे," आत्तोबा म्हणतात आणि हसत सुटतात. कुंपणापलीकडून काकू रिकामी पाटी उंच करून दाखवतात.