आठवा रकाना

परवापर्यंत हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं — बायकोलाही नाही. आणि आता तुम्हाला सांगायला बसलो तर आधी आठवतंय ते भलतंच. इथे अमेरिकेत, हर्नडनच्या एका सुशीच्या हॉटेलात मी वेट्रेसशी ऐटीत जपानीत बोललो होतो, कमरेत वाकून वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "सर, आय अ‍ॅम कोरियन." लेक टेबलाखाली शिरायच्या बेतात. बायको मेनू वाचत राहिली.

तर माझं जपानी हे असं. पुण्यात दोन परीक्षा दिल्या होत्या, दुसरीत काठावर पास. बायोडेटात मात्र लिहिलं — 'जपानी: अस्खलित'. कोण तपासणार होतं?

२००४ च्या सुमाराची गोष्ट. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करायची आणि ते जपानला विकायचं ठरलं. बायोडेटा बघून काम आलं माझ्याकडे. स्क्रीनवरचे सगळे इंग्रजी शब्द एका एक्सेल शीटमध्ये, एका ओळीत एक. ते भाषांतराला पाठवायचे सिअ‍ॅटलच्या मोरिताबाईंना. त्या घरून काम करायच्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही. पहिली मेल मी डिक्शनरी घेऊन, तीन तास खपून जपानीत लिहिली. का? — हौस. बाई इतक्या खूश झाल्या की त्यानंतर मला जपानीशिवाय लिहीनातच. आता त्यांना 'इंग्रजीत लिहा' कसं सांगणार? कुणीही सांगितलं असतं. मला जमलं नाही.

शीट परत आली. सात रकाने आमचे होते. आठवा बाईंनी जोडलेला — प्रश्नांचा. लांबलचक, अदबीचे जपानी प्रश्न. नुसत्या सुट्या शब्दावरून अर्थ कसा लावायचा, असं त्या विचारत होत्या. एका ओळीत 'डिस्चार्ज' होतं: पेशंटला घरी सोडणं, जखमेतून येणारा पू, की बॅटरी उतरणं? अंदाजाने एक शब्द घातलाय, कृपया खात्री करा, असंही लिहिलं होतं. पण हे मी पुढे कधीतरी एका शनिवारी, त्यांच्या मेलमधली शीट पुन्हा उघडून, डिक्शनरी घेऊन लावलं. त्या दिवशी मला कळलं ते एवढंच, की काहीतरी विचारलंय. शेजारच्या क्युबिकलमधला इंजिनियर अर्ध्या मिनिटात उत्तर देणारा. पण त्याला विचारायला आधी प्रश्न तर कळायला हवा!

सोमवारी मीटिंग होती. मी आठवा रकाना सिलेक्ट केला आणि — डिलीट केला. शीट कशी स्वच्छ दिसायला लागली. काम झाल्यासारखी.

टोकियोच्या डेमोत पेशंटला घरी पाठवायच्या बटणावर 'पू' असं आलं. नर्सेस तोंडावर हात धरून हसल्या म्हणे. कुणाला इजा झाली नाही, पण डेमो तिथेच थांबला. आमचा मॅनेजर स्टीव्ह माझ्याकडे आला. चिडलेला नव्हता. त्याने साधं विचारलं, बाईंनी याबद्दल काही विचारलं होतं का?

मी म्हणालो, नाही.

इथे मी ग्रीन कार्डचं कारण पुढे करणार होतो. तेव्हा आमचे कागद अडकलेले होतेच. पण खरं सांगू? त्या क्षणी ते डोक्यातही नव्हतं. मग काय होतं? तेच तर कळत नाही. स्टीव्ह हसून सोडून देणारा माणूस. 'हो, माझ्याकडून राहिलं' — तीन शब्द. ते का निघाले नाहीत?

कंपनीने बाईंचं काम बंद केलं. चार दिवसांनी मला त्यांची मेल आली — माफी मागणारी. त्यांची ही एकच मेल मला डिक्शनरीशिवाय, अक्षर न् अक्षर कळली. माफी मागणं आम्हाला तिसऱ्याच धड्यात शिकवलं होतं. त्यांच्याकडे मूळ फाइल होती, आठव्या रकान्यासकट. ती स्टीव्हला पाठवायला एक क्लिक पुरे होतं. का नाही पाठवली? स्वतःचीच चूक वाटली? की मी काय केलं ते कळलं होतं, आणि तरीही? मी खूप उलटसुलट विचार करून पाहिलाय. उत्तर मात्र दिलं नाही त्या मेलला. आजतागायत.

इथल्या मंडळातली पोरं मला अजून 'जपानीवाले काका' म्हणतात. मी मान डोलावतो.

परवा बायको मेथी निवडत होती, तेव्हा समोर बसून हे सगळं सांगितलं. संपल्यावर ती म्हणाली, "त्या बाईंना इंग्रजीत विचारलं असतंस तर काय झालं असतं?"

"मला जपानी येत नाही हे ऑफिसात कळलं असतं. हसले असते सगळे."

"हसले असते," ती म्हणाली. "मग?"