सुमन गार्डनचा कोरडा गुरुवार

सुमन गार्डनच्या आमच्या टोळक्यातल्या पंजाबरावांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर गहू वाळत घालत होतो. "मास्तर, आज हॉटेल बंद हाय," एवढंच ते म्हणाले. मी मनातल्या मनात तारखा चाळल्या. निवडणूक नव्हती, मोठा सण नव्हता. "काऊन? ड्राय डे हाय का?" मी विचारलं. पंजाबरावांना गप्प करायला एरवी दोन माणसं लागतात आणि तरी ते बोलतच असतात. तो माणूस फोनवर नुसता श्वास घेत होता... मग हुंदका ऐकू आला आणि माझ्या हातातलं सूप खाली पडलं. दिगंबरभाऊ, म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, मलकापूरच्या अलीकडे हायवेला लागून असलेल्या 'सुमन गार्डन' या परमिट रूमचे मालक, दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्यांच्या त्या गार्डनमध्ये मी उन्हाळ्यात संध्याकाळी एक बिअर घेत असे. हे वाचून माझ्या काही माजी विद्यार्थ्यांना धक्का बसेल. ज्यांना बसणार नाही, ते शेजारच्या टेबलावर असत. आमच्याकडचा उन्हाळा ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना यातलं काही कळायचं नाही. दुपारी नळाला हात लावला तर भाजतो, आणि संध्याकाळी घरात बसावं तर भिंती दिवसभराची उष्णता परत करायला लागतात. अशा वेळी कडुनिंबाखाली पाणी शिंपडलेली जमीन, खसाचा वास आणि थंडगार बाटली एवढं मिळालं की माणूस शेजाऱ्याचे गुन्हे माफ करतो. भाऊजी स्वतः मात्र थेंबालाही शिवत नसत. कुणी छेडलं तर म्हणत, "मेडिकल टाकलं असतं तर सगळ्या गोळ्या खाऊन पायल्या असत्या का बे?"

सुरुवातीला तिथे साधा ढाबा होता. रस्ता रुंद झाला, भाऊजींचं वावर हायवेच्या कडेला आलं आणि त्यांनी चार बाजा टाकल्या. तेव्हा माझी बहीण, म्हणजे सुमनअक्का, स्वतः तिथे भाकरी थापायची. पुढे भाऊजींनी परमिट रूमचं लायसन काढलं. अक्का कुरकुरली, पण तेही तिने गिळलं असतं. घोळ झाला तो पाटीवरून. भाऊजींच्या मनात एका देवाचं नाव होतं. कुणीतरी सांगितलं की दारूच्या दुकानाला देवाचं नाव चालत नाही. मग देवाच्या खालोखाल ज्या नावावर त्यांची श्रद्धा होती ते त्यांनी दिलं. हायवेवरून ट्रकवाल्यांना दिसावं म्हणून पाटीला लाल-हिरवे दिवेही लावले. अक्काला हे सुखद धक्का म्हणून दाखवायचं होतं. धक्का बसला, सुखद हा भाग राहून गेला. "माह्या नावाचा बार काढला तुमी?" ती म्हणाली आणि त्या दिवसापासून तिने फाटकाच्या आत पाऊल टाकलं नाही. पुढची सगळी वर्षं भाऊजी जेवायला घरी जात, झोपायला घरी जात, अक्का त्यांचे कपडे धुई, औषधं देई, त्यांच्याशी बोलेही. मात्र जेवताना त्यांनी हॉटेलचा विषय काढला की ती ताटात वाढायची थांबे.

एकदा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, मले बाकी काई नाई पायजे. एक डाव तुयी अक्का येऊन बसली पायजे. काई घेऊ नको म्हना, लिंबूपानी घे. पन येऊन बस..." मी तिचा धाकटा भाऊ, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. मी प्रयत्न केला. अक्काने मला विचारलं की तुझी अक्कल तुझ्या पगाराबरोबर थांबली का.

मग भाऊजींनी उन्हाळी कार्यक्रम सुरू केले. त्यांचा हिशोब असा, की जागा इतकी घरगुती करून टाकायची की अक्काला नाही म्हणायला तोंडच उरू नये. पहिला कार्यक्रम होता मोठ्या कूलरचं उद्घाटन. पाडवा झाला की तो कपाटाएवढा कूलर कोठीतून बाहेर निघे, त्याला हळद-कुंकू लागे, नारळ फुटे. गेल्या वर्षी प्रमुख पाहुणे म्हणून आमच्या भागातले कायमचे भावी नगरसेवक बोलावले होते. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कुर्ता घालून ते कूलरसमोर उभे राहिले आणि थंडाव्याचं समाजातलं महत्त्व सांगू लागले. भाषण लांबलं. पंजाबरावांना ते सोसेना, त्यांनी मागून बटण दाबलं. वर्षभराची धूळ, वाळलेलं गवत आणि चिमणीचं एक अख्खं रिकामं घरटं असा सगळा माल पाहुण्यांच्या अंगावर आला. घरटं त्यांच्या खांद्यावर बसलं. ते दोन मिनिटं तसेच उभे होते, कारण डोळे उघडता येत नव्हते. भाऊजींनी धावत जाऊन त्यांना पुसलं आणि हळूच मला म्हणाले, "हे तुया अक्काले सांग. हसली तर येईन." मी सांगितलं. अक्का पदर तोंडाला लावून खूप हसली. आली मात्र नाही.

त्यानंतर कोरडा गुरुवार आला. शेगावच्या महाराजांचा वार म्हणून आमच्यातले बहुतेक जण गुरुवारी दारूला शिवत नाहीत. पण पायांना सवय लागलेली असते. संध्याकाळ झाली की ते आपोआप हायवेकडे वळत आणि तिथे पोचल्यावर काय करावं हे कुणाला कळत नसे. शेवटी भाऊजींनीच जाहीर केलं की गुरुवारी गार्डनमध्ये फक्त ताक, मठ्ठा आणि पिठलं-भाकरी. पहिला गुरुवार भयंकर गेला. शुद्धीवर असताना आम्हाला एकमेकांचं बोलणं किती कंटाळवाणं वाटतं हे त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. पंजाबराव त्यांच्या म्हशीच्या आजारपणाबद्दल बोलत होते. ती गोष्ट आम्ही अनेकदा ऐकली होती, पण शेवट कधीच लक्षात राहिला नव्हता. तो त्या दिवशी राहिला. म्हैस बरी झाली, एवढाच शेवट होता. हळूहळू मात्र त्या गुरुवारांना रंग चढला. रोडगे भाजले जाऊ लागले, लोक बायका-पोरांना आणू लागले, म्हाताऱ्या बाया कडुनिंबाखाली पाय पसरून बसू लागल्या. सगळ्या घरांतल्या बायका आल्या, मालकाच्या घरातली सोडून. भाऊजी प्रत्येकीला "या, बसा" म्हणत आणि त्यांची नजर फाटकाकडे जाई. मला ते बघवत नसे.

लोणच्याच्या स्पर्धेची कल्पनाही त्यातूनच निघाली. कैरीचं लोणचं मुरलं की एका गुरुवारी प्रत्येकाने घरची बरणी आणायची, पहिल्या नंबरच्या बाईचा गार्डनमध्ये साडी-नारळाने सत्कार करायचा. बेत उघड होता. अक्काच्या लोणच्याला आमच्या पंचक्रोशीत तोड नाही. ते पहिलं येणार, आणि सत्काराला नाही कसं म्हणणार? तिची बरणी मी माझ्या घरची म्हणून न्यायची आणि नंबर लागला की खरं नाव सांगायचं, असं ठरलं. परीक्षक स्वतः भाऊजी. कुणी पक्षपात म्हणू नये म्हणून त्यांनी डोळ्यांना दुपट्टा बांधून घ्यायचं ठरवलं. मी म्हटलं, हे जोखमीचं आहे. ते माझ्यावरच उखडले, "चाळीस वर्सं खाऊन राह्यलो मी थे. मले वयखू येनार नाई?"

डोळे बांधून ते बसले. एकेक फोड तोंडात घालत, मान डोलवत. चौथ्या बरणीपर्यंत तिखटाने नाक वाहू लागलं होतं. सातव्या बरणीतली फोड त्यांनी चावली, थांबले, आणि भारावलेल्या आवाजात म्हणाले, "हेच. हेच पयलं. ह्या हाताले तोड नाई." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत, कारण ती बरणी पंजाबरावांची होती. अक्काचं लोणचं दुसरं आलं.

बातमी घरी पोचायला वावर ओलांडण्याएवढाच वेळ लागला. आमचे रोडगे संपायच्या आत अक्का फाटकाशी उभी होती. बाहेरच, पण अगदी कडेला. "बाहेर या," ती म्हणाली. भाऊजी गेले. दुपट्टा अजून कपाळावर होता. "चाळीस वर्सं ज्या हातचं खाल्लं, थे वयखता नाई आलं तुमाले?"

"डोये बांधले होते ना..."

"जीभ बांधली होती का?"

आणि त्या क्षणी भाऊजींना जे सुचलं ते सुचायला त्यांच्यासारखाच माणूस हवा. ते फाटक उघडून म्हणाले, "अंदर तं ये. बसून बोलू." इतकी वर्षं जपलेलं आमंत्रण त्यांनी नेमकं त्या मुहूर्तावर काढलं. अक्का म्हणाली, "त्या पंजाबच्या बायकोले बसवा अंदर," आणि फिरली. पुढच्या गुरुवारी पंजाबरावांच्या बायकोचा सत्कार झाला. त्या आनंदाने आल्या आणि पोटभर जेवून गेल्या. भाऊजींच्या ताटात मात्र त्यानंतर लोणचं पडलं नाही. ते हॉटेलात पंजाबरावांच्या घरचं मागून खात आणि माझ्या कानाशी लागून म्हणत, "मास्तर, आपलंच चांगलं होतं बे."

हे सगळं गेल्या उन्हाळ्यातलं. या उन्हाळ्यात कूलर बाहेर निघायच्या आतच ते गेले. मला ते फार आवडत. नात्यात असूनही आवडणारी माणसं थोडी असतात, त्यांतले ते होते.

तेरवी झाली, हॉटेल पुन्हा उघडलं. भाचा पुण्याला नोकरीला असतो, त्याला हे सांभाळणं शक्य नाही. त्याने जागेला आणि लायसनला गिऱ्हाईकही पाहिलं. व्यवहार जवळजवळ ठरला होता. अक्का सगळं ऐकून घेत होती. मग म्हणाली, "म्या पायलंच नाई थे. पायल्याशिवाय इका कशी म्हनू?" आणि गुरुवार निवडून, संध्याकाळी, ती निघाली. मी सोबत होतो. फाटकाशी ती थांबेल असं मला वाटलं होतं. ती सरळ आत गेली. आमची सगळी मंडळी शाळेत साहेब आल्यासारखी उभी राहिली आणि काहींनी ग्लास टेबलाखाली लपवले, ग्लासात ताक असूनसुद्धा.

अक्काने कुंड्या पाहिल्या, "यायले पानी कोन टाकते? सुकून राह्यल्या," म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन पिठल्यात मीठ कमी आहे हे सांगून आली. नंतर विचारलं, "थे कुठी बसत?" मी दाखवलं. अगदी टोकाला, भिंतीपाशी, एक प्लास्टिकची खुर्ची, गल्ल्याकडे आणि गिऱ्हाइकांकडे पाठ करून ठेवलेली. तिथे वारा येत नाही, कूलर पोचत नाही. मालकाने असं का बसावं हे आम्हाला कधी कळलं नव्हतं, आणि विचारलं तर ते हसत. अक्का त्या खुर्चीत बसली. बसली आणि समोर बघत राहिली. मी तिच्यामागे जाऊन वाकून पाहिलं. समोर उघडं वावर होतं, आणि वावराच्या पलीकडे आमच्या अक्काच्या घराचा मागचा ओटा. त्यावर सुकत घातलेलं तिचं हिरवं पातळसुद्धा दिसत होतं.

"म्हनून या वावरात तूर पेरू नाई देल्ली यायनं," ती म्हणाली. "म्या कितीक डाव म्हनलं. म्हने, नाई, सोयाबीनच बरं." सोयाबीन गुडघ्याएवढं असतं, तूर डोक्याच्या वर जाते. तिने मान वर केली. "मी रोज संध्याकायी थ्या ओट्यावर बसत होती, बाळू. इकडे पाठ करून. मुद्दाम. म्हनलं दिसू दे, सुमन अजून रागात हाय... थे पाहत होते का?"

"रोज," पंजाबराव म्हणाले. "त्या टायमाले कोनाले बोलू देत नव्हते, वहिनी. आमाले वाटे, हिशोब करून राह्यले."

अक्काने डोळे पुसले नाहीत. पदर मात्र नीट केला, कुणीतरी बघत असल्यासारखा. मग मला म्हणाली, "बाळू, घरी जाय. ओट्यावर बस."

"मी? कायले?"

"जाय म्हनते ना."

मी धुऱ्याने, वावराच्या बांधावरून, चालत गेलो. ढेकळांत चप्पल अडकत होती, ऊन उतरूनही जमीन तापलेली होती. ओट्यावर जाऊन बसलो तोच फोन वाजला. "तसा नाई," अक्का म्हणाली. "पाठ कर इकडे." मी पाठ केली. "जरासा उजवीकडे सरक... हाव. आता दिसते." फोन चालूच होता. मला मागे वळून पाहावंसं वाटत होतं, पण धीर झाला नाही. समोर भिंत होती, तिच्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं. बराच वेळ गेल्यावर मी विचारलं, "अक्का, कुठलोक बसू?"

"बस," ती म्हणाली. "दिवे लागू दे... अन् उद्या बी येजो."